भिडेचे ओझे

आमच्या इमारतीत सध्या तीन आजी परदेशी निघण्याच्या गडबडीत आहेत. एक न्यू जर्सीला लेकीच्या बाळंतपणासाठी, दुसऱ्या मेलबर्नला नातवाच्या मुंजीसाठी आणि तिसऱ्या लंडनला, "मुलगा बोलावतो आहे, नाही कसे म्हणायचे?" एवढ्याचसाठी. माझी लेक गेली अठरा वर्षे शिकागोला आहे आणि तिच्याकडे माझे जाणेयेणे असते. त्यामुळे विमानप्रवासातली जाणकार बाई अशी माझी उगाचच ख्याती झाली आहे. संध्याकाळ झाली की कोणी ना कोणी जिना चढून येते. २३ किलोंच्या बॅगेत भाजणीच्या किती पिशव्या बसतील, लोणच्याच्या बरणीला काय गुंडाळावे, मेतकूट सांडले तर रेशमी लुगड्याचे काय होईल, असे प्रश्न असतात. मी यथाशक्ती उत्तरे देते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेवढ्या बाहेर काढायला लावते. खोबऱ्यात तेल फार. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानवाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याचे नाव आहे. डिंकाच्या लाडवांचा बेत मनात धरून निघालेल्या बाईला हे पटवताना माझी दमछाक होते.

पण मंडळी, बॅगांची इतकी काळजी करणाऱ्या या बायकांपैकी एकीनेही आजवर मला विचारलेले नाही की, "बाई, तिथे पंधरा-सोळा तास बसायचे कसे?" जणू बसणे ही काही शिकायची गोष्टच नव्हे. आणि बरोबर नेलेल्या ज्या ओझ्याने हा प्रवास खरोखर जड होतो, ते कोणत्याच वजनकाट्यावर दिसत नाही. ते ओझे भिडेचे.

मागे एकदा माझ्या रांगेत खिडकीपाशी साताऱ्याकडच्या एक आजी होत्या. मधल्या जागेवर एक तरुण कानांत बोंडे घालून गाढ झोपलेला, आणि कडेला मी. हवाईसुंदरी (हल्ली त्यांच्यात मिशीवाले तरुणही असतात, त्यांना काय म्हणावे ते मराठीने अजून ठरवलेले नाही) पाणी घेऊन आली की आजी मान हलवून "नको" म्हणत. जेवणाबरोबरचा पेलाही तसाच परत गेला. पाच-सहा तास झाल्यावर मला राहवेना. "आजी, पाणी का घेत नाही?" असे मी विचारले. त्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "पाणी प्यालं की उठावं लागतं, ताई. हा बिचारा झोपलाय. त्याला कशाला तरास?" मी त्या बिचाऱ्याचा खांदा हलवला. पोरगा ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, आधी सांगायचंत की!" येताना त्याने आजींच्या हाताला धरून त्यांना जागेवर बसवले, आणि उरलेला वेळ दर दोन तासांनी तोच विचारू लागला, "आजी, जाऊन येता का?"

हीच आजी कोयना एक्स्प्रेसमध्ये असती तर? "अरे, सरक की जरा" म्हणून तिने चार माणसांना उठवले असते, कोणाच्या तरी मांडीवर आपले गाठोडे ठेवले असते आणि कराड यायच्या आत अर्ध्या डब्याला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी वाटली असती. आगगाडीत जिची जीभ क्षणभर टाळ्याला लागत नाही, ती विमानात पाऊल टाकताच मुकी होते. मला वाटते, आपल्याकडे विमान अजून परक्याच्या दिवाणखान्यासारखे आहे. तिथे आपण संकोचून, पदर सावरून, खुर्चीच्या कडेला बसतो. यजमानाने विचारले तर "नको, नको" म्हणतो. खरे म्हणजे तिकिटाचे पैसे रोख मोजलेले असतात आणि पाणी त्या पैशांतलेच असते.

आता हे पाणी इतके महत्त्वाचे का, तेही सांगते. विमान तीस-चाळीस हजार फुटांवरून जाते, पण आतली हवा दाबून भरलेली असते. ती पूर्ण जमिनीइतकी मात्र दाबत नाहीत. आत बसलेले माणूस सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असल्यासारखे असते. आपले कळसूबाईचे शिखर ५४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्याही वर खुर्ची टाकून रात्रभर बसायचे. शिवाय ती हवा कोरडी, नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारसारखी, फक्त गार. म्हणून घाम न येताही घसा, डोळे, नाकपुड्या सुकतात. अशा हवेत जिभेलाही मीठ-साखर कमी लागते. विमानातले जेवण सपक लागते त्यात आचाऱ्याचा दोष निम्माच असतो. लिंबाच्या गोड लोणच्याची एक फोड तिथे जो चमत्कार करते, तो घरी कधी करत नाही.

हवा विरळ झाली की पोटातला वायूही फुगतो, अगदी तिसरा हिस्सा जास्त जागा मागतो. वेफर्सची बंद पिशवी विमानात टम्म झालेली तुम्ही पाहिली असेल. पोटाचे तेच होते. म्हणून निघायच्या दिवशी वालाची उसळ नको, पावट्याची नको, आणि बुडबुड्यांची पेयेही नकोत. परकराची नाडी बोटभर सैल बांधावी. बायकांच्या सभेत हे सांगितले की खसखस पिकते, पण चौथ्या तासाला सगळ्यांना माझी आठवण येते.

जेवणाचे आणखी एक. तिकीट काढतानाच, निदान आदल्या दिवसाच्या आत, शाकाहारी जेवण सांगून ठेवावे लागते. पुष्कळ घरांत मुले भक्तिभावाने आईसाठी 'हिंदू भोजन' मागवतात आणि आईपुढे कोंबडी येते. बऱ्याच विमान कंपन्यांच्या यादीत हिंदू भोजन याचा अर्थ गोमांस नसलेले, एवढाच असतो. आपल्याला हवे असते ते 'एशियन व्हेजिटेरियन' या नावाखाली. आणि समजा चुकीचे ताट आलेच, तर ते झाकून उपाशी बसू नका, बोला. फळे, पाव, दही, काही ना काही मिळते.

पायांच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा हजारो लोक तळघरांतून आणि भुयारांतून रात्र काढत. कितीकजण कापडी आरामखुर्च्यांत बसूनच झोपत. या लोकांत फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून होणारे मृत्यू एकाएकी वाढलेले कीथ सिम्पसन या डॉक्टरांना दिसले आणि त्यांनी ते 'लॅन्सेट' या साप्ताहिकात त्याच वर्षी लिहिले. खुर्चीच्या पुढच्या दांडीने मांडीची मागची बाजू दाबली जाते, पाय लोंबकळतात, रक्त पोटऱ्यांत साचते. १९५४ मध्ये जॉन होमन्स या अमेरिकन शल्यविशारदांनी हाच प्रकार विमानाच्या आणि मोटारीच्या लांब प्रवासानंतर होतो असे दाखवले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाहणी केली. चार तासांहून लांब प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो, असा तिचा २००७ चा निष्कर्ष आहे. घाबरायचे कारण नाही. धडधाकट माणसांत तो सहा हजारांत एखाद्याला, इतका थोडा आहे. पण त्या पाहणीत एक गोष्ट अशी होती की ती वाचून मी सावध झाले. फार उंच माणसांप्रमाणेच पाच फूट तीन इंचांहून बुटक्या माणसांनाही हा धोका अधिक. का? कारण पाय जमिनीला टेकत नाहीत आणि खुर्चीची कडा मांडीत रुतते. आता सांगा, आपल्या किती आज्या पाच फूट तीन इंचांहून उंच आहेत?

उपाय बिनखर्चाचा आहे. हातातली लहान पिशवी पायांखाली घेऊन पाय तिच्यावर टेकवावेत. मग जुन्या, पायाने चालवायच्या शिवणयंत्रावर बसल्यासारखी पावले हलवावीत. टाच खाली, चवडा वर, पुन्हा उलट. पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकलले जाते. जाग असेल तेव्हा तासा-दोन तासांनी उठून मागच्या टोकापर्यंत एक फेरी. आणि यासाठी कडेची जागाच मागून घ्यावी. खिडकीतून पाहण्यासारखे पहिली पंधरा मिनिटे असते, पुढे सगळा काळोख. चपला सैल असाव्यात, कारण पावले सुजतातच. झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. गोळी घेतलेले माणूस वेडेवाकडे पडून सहा तास हालत नाही. ज्यांना आधी गुठळीचा त्रास झाला आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा जे कर्करोगावर औषधे घेत आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. नेहमीची सर्व औषधे हातातल्या पिशवीत. इन्सुलिन तर मुळीच खालच्या सामानात टाकू नये, तिथल्या थंडीत ते गोठून फुकट जाऊ शकते.

माझ्या माहितीतले एक गृहस्थ लेकीकडे गेले. चौथ्या दिवशी त्यांची उजवी पोटरी दुखू लागली, सुजली. त्यांना वाटले पेटका आला. त्यांनी कोणाला न सांगता तेल चोळले. लेक नऊ महिन्यांची गरोदर, जावई दिवसभर कामावर, "जावयाला कुठे डॉक्टरांच्या खर्चात पाडायचे?" हा विचार. दोन दिवसांनी जिना चढताना श्वास पुरेना. तेव्हा जावयानेच त्यांना रुग्णालयात नेले, आणि दैव बलवत्तर म्हणून ते वाचले. पुढे सहा महिने रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या. प्रवासी विमा काढलेला होता, तो कागद बॅगेच्या तळाशी होता. वाचकहो, एकच पाय सुजला, दुखू लागला, किंवा दम लागला, छातीत कळ आली, तर प्रवासाला आठवडे उलटले असले तरी त्याच दिवशी बोलायचे. आणि सुजलेला पाय चोळायचा नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, पूर्वीचे लोक कसे जात होते? ते थांबत थांबत जात होते. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे पहिले विमान, 'मलबार प्रिन्सेस', वाटेत कैरोला आणि जिनिव्हाला उतरले होते. उतरून चार पावले टाकणे, हातपाय झाडणे आपोआप व्हायचे. याच कंपनीने २००७ मध्ये मुंबईहून थेट न्यूयॉर्क गाठणारे उड्डाण सुरू केले, आणि ते आपोआप व्हायचे थांबले. आता आपण होऊन उठावे लागते. मध्ये एके ठिकाणी विमान बदलणारा लांबचा रस्ता स्वस्त आणि पायांना बरा, पण इंग्रजी पाट्यांना घाबरणाऱ्या आजींना त्यात धाकधूक फार. कितीतरी जणी चालण्यात तरबेज असूनही केवळ वाट विचारायला नको म्हणून चाकाची खुर्ची मागून घेतात. त्यांना हसू नये. परक्या विमानतळावर परक्या भाषेत एकटे हरवणे म्हणजे काय, ते हसणाऱ्याला ठाऊक नसते. फक्त त्या खुर्चीतून उठल्यावर विमानात तरी चालावे.

आता तान्ह्या मुलांचे. इथे भिडेचे दुसरे रूप दिसते, आणि ते मला पहिल्याहून जास्त सलते. सात-आठ महिन्यांचे बाळ घेऊन एकटी निघालेली तरुण आई आत शिरली की आजूबाजूचे चार चेहरे आंबट होतात. तिला ते दिसते. बाळाने पहिला सूर लावायच्या आतच ती क्षमा मागू लागते, आणि मग रात्रभर शौचालयाजवळच्या बोळकांडीत बाळाला खांद्यावर घेऊन उभी राहते. हल्ली काही आईबाप शेजाऱ्यांना गोळ्या-चॉकलेटांच्या आणि कानांत घालायच्या बोळ्यांच्या पुड्या वाटतात, असे ऐकते. मला ही रीत बिलकूल आवडत नाही. बाळाच्या रडण्याचा आगाऊ दंड कशाला भरायचा? बाळ खोडीने रडत नाही. त्याचे कान दुखतात.

कानाच्या आतून घशात उतरणारी एक बारीक नळी असते. आपण गिळले, जांभई दिली की ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. लहान मुलांत ही नळी अरुंद आणि आडवी असते, चटकन उघडत नाही. चढताना हवा त्यातून सुटून जाते. खरा त्रास उतरताना. आणि उतरणे सुरू होते ते चाके टेकायच्या सुमारे अर्धा तास आधी. नेमकी अडचण अशी की भेदरलेल्या आईने त्याच्या तासभर आधीच बाळाला गच्च पाजलेले असते. एक पाजणे त्या वेळेसाठी राखून ठेवावे. अंगावर पाजा, बाटली द्या, चोखणे द्या. बाळ चोखत आणि गिळत राहिले पाहिजे. झोपेत गिळणे कमी होते, म्हणून त्या वेळी हळूच जागे केलेलेच बरे. मोठ्या मुलांना नळीने पाण्याचे घोट घ्यायला लावावे, जांभया देण्याची शर्यत लावावी. थोरांनी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी बेताने वारा कानांकडे ढकलावा. ही युक्ती वाल्साल्व्हा नावाच्या इटालियन वैद्याच्या नावाने ओळखली जाते. त्याचा कानावरचा ग्रंथ १७०४ सालचा आहे, म्हणजे विमानाच्या दोनशे वर्षे आधीचा! सर्दी झालेली असताना मात्र जोर करू नये, आणि मुलाचा कान वाहत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

या प्रसंगी घरातली एखादी वडीलधारी हमखास सुचवते, "जायफळाचे चार वळसे जास्त उगाळून दे, निजेल गपगार." किंवा हल्लीच्या पद्धतीने, सर्दीचे झोप आणणारे औषध. हे करू नका. जायफळ जास्त झाले की विषारी. त्या औषधाने काही मुले झोपण्याऐवजी चवताळतात, आणि तान्ह्याच्या श्वासालाही धोका असतो. एके काळी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया बाळाला अफूची 'बाळागोळी' चारून निजवून जात. त्यांचा निरुपाय होता. पाळी चुकली तर चूल पेटत नसे. आपण कोणाच्या आंबट चेहऱ्यासाठी ते पाप का घ्यावे?

पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो. तो तिकिटाच्या वेळीच मागून ठेवावा, कारण ते थोडेच असतात. बाळाच्या वजनाची मर्यादा कंपनीगणिक वेगळी, तीही तेव्हाच विचारावी. त्या रांगेत पाय पसरायला जागा असते, पण पुढे आसन नसल्याने पिशवी खाली ठेवू देत नाहीत. निघताना आणि उतरताना ती वर जाते, म्हणून दुपटे, बाटली, एक लंगोट तेवढे खिशात काढून घ्यावे. विमान हेलकावू लागले की बाळाला पाळण्यातून उचलावे लागते. झोपले आहे म्हणून हुज्जत घालू नये. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान असे काही आदळले की अनेक प्रवासी जखमी झाले आणि एकाचा मृत्यू झाला. थोरांनीही पट्टा सैलसर का होईना, पण सतत बांधलेला ठेवावा, आणि पांघरुणाच्या वरून बांधावा, म्हणजे तपासायला कोणी झोपमोड करत नाही.

बाळाचे कपडे सगळ्याच आया जादा घेतात. स्वतःचे एकीकडेही नसतात. ओकारी बाळाच्या अंगावर कमी आणि आईच्या अंगावर जास्त होते. द्रवपदार्थांना शंभर मिलिलिटरची मर्यादा आहे, पण बाळाच्या प्रवासापुरत्या दुधाला आणि खाण्याला सवलत असते. तपासनिसाला ते आपण होऊन काढून दाखवावे. पाजायला ओढणी, शाल पुरते. शेजारचा पुरुष अवघडला तर तो त्याचा प्रश्न, त्याच्यासमोर सिनेमाचा पडदा आहे.

दीड ते तीन वर्षांची मुले सर्वांत कठीण. त्यांना मांडी नको असते, खुर्ची नको असते, जमीन हवी असते. मुंबईहून निघणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतरची. घरूनच जेवून, रात्रीचे कपडे घालून न्यावे. चार-सहा क्षुल्लक वस्तू, घरचाच डबा, दोरा, चिकटवायची चित्रे, कागदात गुंडाळून न्याव्या आणि तासाला एक काढावी. उघडण्यातच निम्मा वेळ जातो. आणि फिरवावे, बाळाबरोबर आईच्याही पोटऱ्या चालतात.

शेजारणींनो, तुमच्या रांगेत अशी आई असेल तर पाच मिनिटांसाठी हात पुढे करा. "मी धरू का जरा? तू तोंड धुऊन ये," एवढेच म्हणा. तिने नको म्हटले तर राग मानू नका. सगळ्यांनाच परक्याच्या हाती मूल द्यावेसे वाटत नाही. पण मी विचारले तेव्हा बहुतेक मुलींनी मूल माझ्या हातात ठेवले आणि परत आल्यावर चेहरा बदललेला होता. त्या मुली जेवण झाकून ठेवतात ते गार होते, हेही ध्यानात असू द्या. आधी तुम्ही जेवा, मग त्यांना जेवू द्या.

घड्याळाच्या घोटाळ्याविषयी फार लिहीत नाही. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, ते शरीराला सोपे जाते. परत पूर्वेकडे येताना जड. उतरल्यावर सकाळच्या उन्हात फिरावे आणि दुपारी पडायचा मोह आवरावा. पहिल्या आठवड्यात पहाटे तीनला आजी आणि नात दोघीच जाग्या असतात, ही तक्रार करण्यासारखी गोष्ट मुळीच नाही.

विमान थांबले की सगळे उठून मान वाकडी करून उभे राहतात. दार उघडायला वेळ लागतो. मुलेबाळे आणि म्हातारी माणसे बसून राहिली तरी काही बिघडत नाही, सामान पट्ट्यावर यायचे तेव्हाच येते. त्या वेळात पुढच्या आसनाच्या खिशात आणि खाली एकदा हात घालून पाहा. चष्मा तिथे असतो, कवळीची डबी तिथे असते, आणि बाळाचा एक मोजा तर हटकून तिथेच असतो.